पाटीवरचा माणूस

सकाळपासून लिफ्टचा तोल काही जमत नव्हता. वर मशीनरूममध्ये फोरमन मीटर धरून बसला होता, खाली लिफ्टच्या डब्यात चौदा लोखंडी वजनांच्या मधोमध तो उभा होता, आणि दोघांच्या मध्ये नऊ मजले आणि एक खरखरणारा वॉकीटॉकी. "वर घे," फोरमन म्हणे. हा बटण दाबे, डबा वर जाई. "खाली घे." डबा खाली येई. दर खेपेला फोरमनच्या बोलण्यात एकेक शिवी वाढत होती. काम तसं साधं. दोरांच्या एका टोकाला डबा, दुसऱ्या टोकाला बिडाचे पाट रचलेलं काउंटरवेट. म्हणजे वाण्याचा तराजूच, फक्त उंच आणि महाग. डब्यात अर्धा भार भरला की दोन्ही पारडी सारखी व्हायची आणि वर जाताना, खाली येताना मोटारीने वीज सारखीच खायची. ही लिफ्ट हजार किलोंची. अर्धा भार पाचशे. पंचवीस किलोंचं एक वजन, म्हणजे वीस वजनं. पण वीस वजनं ह्या टोळीने कधी उचललीच नव्हती. चौदा उचलायची आणि उरलेल्या सहांच्या जागी ह्याला उभं करायचं, ही त्यांची कित्येक वर्षांची रीत. दीडशे किलो म्हणजे बरोब्बर सहा वजनं, ना एक छटाक इकडे ना तिकडे. म्हणून तर सगळे त्याला 'अर्धा डझन' म्हणत. लोखंडी वजनं चढवताना कंबरडी मोडतात, फोरमन सांगे, आणि हे वजन आपल्या पायांनी चालत येतं, वर दोन विनोदही करतं.

आज मात्र मीटरचे आकडे जुळत नव्हते. डबा वर जाताना मोटार आरामात होती आणि खाली येताना कण्हत होती. वायरमनने जोडण्या तपासल्या, फोरमनने ब्रेक तपासला, गाईड रेलला तेल दिलं, मीटर बदलला, पहिला मीटर परत आणला. डब्यातला हा मात्र निवांत होता. खरं तर निवांत नव्हता, पण त्याची काळजी वेगळी होती. दुपारी हॉस्पिटलात जायचं होतं आणि जाताना एक आकडा न्यायचा होता. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली होती. डॉक्टरांनी आधी हातानेच माप दाखवलं होतं, एवढी होती, एवढी ठेवू, आणि हसून म्हणाले होते, बाकीचं आम्ही करतो, जेवण तेवढं तुम्हीच करायचं. ते झालं. उतरायला लागलं. गेल्या खेपेला डाएटिशियन बाई म्हणाल्या, "छान चाललंय. आता मला तुमचा आकडा सांगा. कुठे थांबायचं आहे?" तो गडबडला. आजवर त्याला आकडे सांगितले जात. काट्याने, शिंप्याने, दुकानदाराने, शाळेत सगळ्या वर्गासमोर पी.टी.च्या मास्तरांनी. त्याला कोणी विचारलं नव्हतं. "मला काय विचारता बाई, तुम्हीच सांगा की." "मी सांगितलेला आकडा तुम्ही महिनाभर पाळाल," बाई म्हणाल्या. "स्वतःचा असला तर टिकेल. घरी जा, विचार करा, पुढच्या वेळी येताना घेऊन या."

विचार करायचा होता कुठे? आकडा त्याच्याकडे होताच, बोलून दाखवायची लाज वाटत होती इतकंच. पंचाहत्तर. जगातल्या कुठल्याही लिफ्टमध्ये शिरलं की माणसं आरशात बघतात, हा पाटीकडे बघायचा. इतकी माणसे, इतके किलो. भागाकार करायची गरज नाही, धंद्यात सगळ्यांना पाठ असतं, एक माणूस म्हणजे पंचाहत्तर किलो. तीन वजनं. आणि हा सहा. म्हणजे दोन माणसं. उभ्या जन्मात तो एका माणसाचा एक माणूस झाला नव्हता. बसमध्ये दोन, सिनेमात दोन, लग्नाच्या फोटोत कडेला उभं केलं तरी दोन. लोक थट्टा करत, तो त्यांच्याही आधी स्वतःची थट्टा करी, कारण आपणच बार उडवून टाकला की समोरच्याची दारू संपते. पण आत कुठेतरी त्याने ठरवून टाकलं होतं की मरायच्या आत एकदा, एकदाच, पाटीवरचा माणूस व्हायचं. आता पिशवी केळ्याएवढी झाल्यावर ते जमण्यासारखं दिसायला लागलं, आणि हाताशी आलेल्या गोष्टीची घाई काय असते ते त्याला कळलं. बाईंनी सांगितलेल्या वाटीभर खाण्यातलं तो अर्धं सोडायला लागला. अंड्यातलं अर्धं, सूपमधलं अर्धं, औषधाची पावडर तर पाण्यात कालवून मोरीत. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. जिन्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. चमकू देत, तो म्हणे, पंचाहत्तरला पोचलं की विझतील.

बायकोला कळलं होतं अर्थात. नवऱ्याचं पोट आणि नवऱ्याचं खोटं ह्या दोन गोष्टी तिच्यापासून कधीच लपल्या नव्हत्या. ऑपरेशननंतर ती त्याच्याबरोबर खायला बसायची, त्याच्यासारखाच घास बत्तीस वेळा चावायची, म्हणजे त्याला एकटं वाटू नये. आणि रवंथ करणाऱ्या दोन गाईंसारखे दोघं समोरासमोर बसून गालातल्या गालात हसायचे. त्याची पँट दर महिन्याला ती मशीनवर घेऊन आत टाके घालायची. नवी आणू या म्हटलं तर म्हणायची, थांबा, कुठे थांबताय ते कळू दे. काल रात्री मात्र ती हसली नव्हती. अर्धी वाटी तशीच ठेवून तो उठला तशी म्हणाली, "बसा."

"झालं माझं."

"झालेलं नाही. मला दिसतंय." वाटी तिने परत पुढे सरकवली. "अहो, ते ऑपरेशन तुम्ही जगावं म्हणून केलं. मी त्या बाकावर बसून होते सकाळपासून, पाणीसुद्धा प्यायले नाही. मला दोन नवरे होते ते मी चालवून घेतले. आता एक राहिला तर आनंद आहे. पण अर्धा नवरा मला नकोय, सांगून ठेवते."

त्याने दोन चमचे खाल्ले होते. आज सकाळी दोन चमचे दही. आणि आता लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली असताना त्याला किंचित गरगरल्यासारखं झालं, म्हणून तो वजनांच्या मध्ये खाली बसला आणि थंड पत्र्याला डोकं टेकवलं. डबा अगदी हलकासा झुलत होता. लिफ्ट थांबली तरी पूर्ण थांबत नाही, दोरांवर जराशी लोंबकळत राहते, हे बाहेरच्यांना कळत नाही. त्याला ते फार लहानपणी कळलं होतं. अकरा-बारा वर्षांचा असेल. डोळे तपासायला आई घेऊन गेली होती, सातव्या मजल्यावर. लिफ्ट त्याने पहिल्यांदाच पाहिली होती. दाराला पितळी कडी, आत स्टुलावर बसलेला लिफ्टवाला, भिंतीवर पाटी, आठ माणसे, सहाशे किलो. आत सहा माणसं होती, आई शिरली, तिच्यामागून हा शिरला, आणि कर्रर्र करून घंटा वाजली. कसली घंटा ते त्याला कळेना, पण सगळ्यांना कळलं, कारण सगळ्यांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. लिफ्टवाला म्हणाला, "बाई, ह्या पोराला दोन धरायला लागतील." कोणी तरी खुदकन हसलं. त्याला आठवतं, त्याने पोट आत ओढून घेतलं होतं, जणू पोट आत घेतल्याने वजन कमी होतं. आणि तेवढ्यात आई बाहेर पडली. काडीसारखी आई, जन्मात कधी चाळिशी न ओलांडलेली. वयाची नव्हे, वजनाची. बाहेर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्याचं नाही हो, माझंच वजन वाढलंय हल्ली." घंटा थांबली. लिफ्टवाल्याने दार ओढलं. दाराच्या जाळीतून त्याला तिचे पाय दिसले, मग जिन्याच्या दिशेने वळलेल्या चपला दिसल्या, मग भिंत.

सातव्या मजल्यावर तो लिफ्टच्या दाराशी उभा राहिला होता. उतरलेली माणसं आपापल्या वाटेने गेली, कोणी मागे वळून पाहिलं नाही, आणि तो जिन्याकडे कान लावून. किती वेळ गेला कोण जाणे. त्या वयात आईविना गेलेला वेळ मोजता येत नाही. मग चपलांचा आवाज, मग धाप, मग आई. कपाळावर घाम आणि तोंडभर हसू. "अरे, काय सुंदर जिना आहे," म्हणाली, "प्रत्येक वळणावर खिडकी. तू आपला बंद पेटीत आलास, मी सगळं शहर बघत आले." त्या दिवशी चष्मा लागला, पण त्याला आठवते ती घंटा. पुढे आयटीआयला कुठला कोर्स घेतोस विचारलं तेव्हा त्याने लिफ्टचा घेतला, ती घंटा कुठे असते ते बघायचं म्हणून. असते डब्याच्या तळाशी, चार बोटांएवढी. एवढ्याशा जिनसेने माणसाला जन्मभर लाजवावं ह्याचं त्याला पहिल्यांदा दिसली तेव्हा हसूच आलं होतं.

"अरे डझन, मेलास का?" वॉकीटॉकी खरखरला. "काउंटरवेटच जड पडतंय. दोन पाट काढून टाकतो. तू हलू नकोस."

"बरं," तो म्हणाला, आणि पाण्याची बाटली घ्यायला हात लांबवला. बाटली शेजारीच होती. बाटलीच्या पलीकडे त्याचा जेवणाचा डबा होता, डब्याच्या पलीकडे घडी केलेलं जाकीट, आणि जाकिटाच्या पलीकडे वीतभर रिकामी जागा. तो त्या जागेकडे बघत राहिला. पोरांनी वजनं नेहमीसारखीच रचली होती. दोन्हीकडे सात-सात, मध्ये अर्ध्या डझनापुरती खोबण सोडून. ती खोबण त्यांच्या हाताला पाठ होती, ती भरून तो उभा राही तेव्हा दोन्ही कुशींना लोखंड लागे. आज त्यात तो मांडी घालून बसला होता. मांडी घालून. आणि शेजारी डबा, बाटली, जाकीट आणि वीतभर हवा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ब्रेक तपासला, मीटर तपासला, रेलला तेल पाजलं, आणि सहापैकी दीड वजन आठ महिन्यांपूर्वीपासून हळूहळू लिफ्टमधून उतरून निघून गेलं होतं. ऑपरेशननंतर तो दोन महिने घरी, मग फोरमनने हलकी कामं दिली, दारांची, बटणांची. भाराची चाचणी ही पहिलीच. चौदा आणि अर्धा डझन, वीस. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्याही नाही, ही खरी गंमत. काटा दर आठवड्याला सांगत होता, पँटीचे टाके सांगत होते, पण हा अजून दारातून तिरका होऊनच शिरायचा. खुर्चीवर बसण्याआधी हाताने दाबून बघायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं शरीर गेलं होतं आणि त्याची सवय मागे राहिली होती, माणूस गेल्यावर खुंटीवर त्याचा सदरा राहावा तशी.

वर पाना आपटल्याचा आवाज आला. फोरमन पाट सोडवायला लागला होता. आता बोलायला हवं होतं, लगेच. पाट काढले तर तराजू कायमचा खोटा व्हायचा. आणि तरी त्याचा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर नुसता टेकून राहिला. कारण बोललं की संपलं. मी अर्धा डझन नाही, असं एकदा तोंडाने म्हटलं की मग ह्या टोळीत मी कोण? हात त्याचे काही जादूचे नव्हते, वायरमन त्याच्याहून हुशार होता, फोरमन तर फोरमनच. पण दर नव्या लिफ्टला आधी त्याची आठवण व्हायची, आण रे आपला डझन, आणि तो आत उभा राहिला की लिफ्ट तोल धरायची. थट्टा होती, पण थट्टेत जागा होती. सहा माणसांनी मिळून एखाद्याची थट्टा करावी आणि एकानेही त्याला एकटं जेवू देऊ नये, ह्याला काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं. ऑपरेशनच्या दिवशी सगळेच्या सगळे रजा टाकून आले होते. बायकोने बाकावरून हाकललं तेव्हा गेले. त्याने अंगठा दाबला.

"फोरमन, थांबा. पाट काढू नका."

"का?"

"वजन कमी आहे आत."

"वीस आहेत. मी मोजलेत. चौदा आणि तू."

"तेच तर. मी सहा नाही आता."

वॉकीटॉकी नुसताच खरखरत राहिला. मग वरून, यंत्राशिवाय, नऊ मजल्यांच्या बोळातून फोरमनचं हसू खाली आलं, आधी एकट्याचं, मग वायरमनचं, मग सगळ्यांचं. हसून हसून कोणाला तरी ठसका लागला. थोड्या वेळाने फोरमन जिन्याने खाली आला, डब्याच्या दारात उभा राहिला, आणि कमरेवर हात ठेवून त्याला असा न्याहाळू लागला की जणू नवीनच माल आलाय.

"आम्ही आंधळे, हे मान्य," तो म्हणाला. "पण तू रे? तुला कळू नये?"

"आतून कळत नाही, फोरमन."

"मग आता किती धरू तुला?"

"एकशे बारा. साडेचार."

फोरमनने कपाळाला हात लावला. "साडेचार? अर्धं वजन कुठून आणू मी? हे बघ, मला असं मधेच लटकलेलं माणूस नको. एक तर चारवर ये नाहीतर पाचवर परत जा."

"तीनवर यायचा विचार आहे," तो म्हणाला. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं.

फोरमन हसायचा थांबला. त्याच्या तोंडाकडे, डोळ्यांखाली पडलेल्या खड्ड्यांकडे त्याने जरा वेळ पाहिलं. "तीनवर आमच्यातला वायरमन आहे, आणि त्याला आम्ही वजनात धरतच नाही," तो म्हणाला. "चारवर थांब. शंभर, हिशेबाला सोपं. आमची दोन वजनं जास्त उचलू आम्ही, काय मरत नाही. पण आम्हाला उभा तर राहशील ना?" एवढं बोलून तो वळला आणि ओरडला, एक वजन आणा आणि माझी हत्यारांची पेटी आणा, ती बरोब्बर अर्धी भरते. वजन ह्यानेच उचलून आत घेतलं. पंचवीस किलो. उचलताना त्याला वाटलं, हे मी रोज अंगावर घेऊन झोपत होतो. वर, खाली. वर, खाली. मीटरचे दोन्ही आकडे सारखे आले आणि मशीनरूममधून एक समाधानाची शिवी ऐकू आली.

दुपारी हॉस्पिटलच्या रस्त्याने चालताना मात्र तो तोल त्याला आठवत राहिला. लोखंड आणि पेटी मिळून जेवढं भरलं तेवढंच तो आठ महिन्यांत हरवून बसला होता. अडतीस किलो, चाळिशीच्या आत. म्हणजे एक आख्खी आई. विचार वेडगळ होता आणि फुटपाथवर भर उन्हात आला होता, पण आल्यावर जाईना. शेवटच्या वर्षी आईला जिने चढवेनात. जन्मभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या आणि राहत्या इमारतीला लिफ्ट नाही, दिव्याखाली अंधार. चार मजले हाच तिला पाठीवर घेऊन खाली उतरवी आणि तपासणी झाली की परत वर नेई. त्या दीडशे किलोंच्या देहाला ती कधी जड झाली नाही. "तुझ्या पाठीवर बसलं की गादीवर बसल्यासारखं वाटतं," ती कानाशी म्हणायची, "बाकीच्यांची पोरं नुसती हाडं. टोचतात." आणि दर वळणावर थांबायला लावायची, धाप त्याला लागली म्हणून, पण म्हणायची असं की, जरा थांब, मला बाहेर बघू दे. ज्या अंगाचा त्याने जन्मभर राग केला त्या अंगाने तिला उचललं होतं. त्याला वाटलं, त्या अंगाचे आभार मानायचे राहून गेले. टेबलावर झोपवण्याआधी एक मिनिट मिळालं असतं तर म्हटलं असतं, बाबा रे, बरंच वाहिलंस. नाहीतरी कोण वाहतं इतकं.

हॉस्पिटलची लिफ्ट खाली उभी होती. सवयीने त्याने पाटी वाचली, तेरा माणसे, आणि सवयीनेच बाजूला उभा राहिला. गर्दीच्या लिफ्टमध्ये तो कधीच चढत नसे, दुसरी येईल म्हणून सोडून देई. "या की, जागा आहे," आतून एक बाई म्हणाली. तो आजूबाजूला बघायला लागला, कोणाला म्हणते म्हणून. मग शिरला. तिरका होऊन. काही झालं नाही. घंटा गप्प राहिली, लोक आपापल्या मोबाइलमध्ये, कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. इतकं साधं होतं हे? एवढंच असतं लोकांना रोज? तेवढ्यात दार लागता लागता एक माणूस धावत आला, फायलींची थैली छातीशी धरलेला, पाठोपाठ त्याची मुलगी. बारा वर्षांची असेल. गोल, घामेजलेली, शर्टाची बटणं ताणलेली. बाप शिरला. मुलगी शिरली. आणि घंटा वाजली.

ती आता कर्रर्र करत नाही, सुधारली आहे, तीन गोड सूर निघतात. पण बाकी सगळं तसंच. सगळी तोंडं एकदम वर झाली आणि सगळी मुलीकडे वळली. कोणी काही बोललं नाही. हल्ली लोक बोलत नाहीत, नुसते वाट बघतात. मुलीने पोट आत ओढून घेतलं. त्याने ते पाहिलं आणि त्याचे पाय त्याच्याआधी निघाले. वाट काढत तो बाहेर आला, वळला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तिचं नाही हो. माझंच वजन वाढलंय हल्ली." सूर थांबले. दार मिटताना फटीतून मुलीचे डोळे दिसले, थेट त्याच्यावर रोखलेले.

सहा मजले. पहिल्या वळणाला खिडकी होती. दुसऱ्याही. तो कठड्याला धरून चढत होता, दोन चमचे दह्यावर, आणि तिसऱ्या मजल्यावर काजवे चमकले तेव्हा पायरीवर बसला, बायकोने जबरदस्तीने दिलेला डबा उघडला आणि त्यातलं अंडं खाल्लं, आख्खं, सावकाश, चावून चावून. खाली रस्त्यावर माणसं चालली होती. वरून बघताना त्यातला कोण पंचाहत्तर आहे ते त्याला सांगता येईना. कोणी पन्नास असेल, कोणी नव्वद. इतकी वर्षं लिफ्टात घालवली, हजारो माणसं पाहिली, पण पाटीवरचा तो माणूस त्याला एकदाही भेटला नव्हता. तो नव्हताच. बेरीज करून भागलेला माणूस तो, कोणाच्या पोटी जन्मलेला नव्हे. त्या दिवशीच्या लिफ्टमध्येसुद्धा तो नव्हता. एक काडीसारखी बाई होती आणि एक जाड पोरगा, आणि बाई उतरली म्हणून पोरगा वर पोचला होता. तेवढा एकच हिशेब खरा होता. आज सकाळी लिफ्टच्या तराजूला जे कमी पडलं, ते हरवलं नव्हतं. त्याला वर जाता यावं म्हणून कोणीतरी पुन्हा एकदा बाहेर पडलं होतं. आधी आई, मग तो जुना देह, बाकावर बसलेली बायको, दोन वजनं जास्त उचलणारी टोळी. किती जण उतरले आपल्यासाठी! तो उठला आणि उरलेले मजले चढला. गुडघे दुखत नव्हते, हे त्याच्या पाचव्या मजल्यावर लक्षात आलं.

सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी ती मुलगी उभी होती. बाप काउंटरपाशी फायली दाखवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. ती जिन्याकडे कान लावून उभी होती आणि तो वर येताच त्याला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "काका, तुम्ही कुठे जाड आहात?"

जाडेपणावर त्याच्यापाशी शंभर उत्तरं होती, सगळी पाठ, सगळी हमखास हशा घेणारी. ह्या प्रश्नाला त्यातलं एकही चालेना. धाप लागली होती, कपाळावर घाम होता. "जिना बघून ये जाताना," तो शेवटी म्हणाला. "प्रत्येक वळणावर खिडकी आहे." मुलगी हसली. अगदी थोडं, पण पोट सोडून.

आत डाएटिशियन बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. "केवढी धाप लागलीये. लिफ्ट बंद आहे का?"

"छे. उत्तम आहे लिफ्ट. घंटा तर फारच चांगली लावलीये."

"बरं. आकडा आणलात?"

"चार," तो म्हणाला, आणि बाईंचा चेहरा बघून घाईघाईने, "म्हणजे शंभर. शंभर किलो."

"मला वाटलं तुम्ही सत्तर-पंचाहत्तर सांगाल. सगळे तसंच सांगतात, मग मला समजूत घालत बसावं लागतं. तुमच्या उंचीला, हाडापेराला शंभर अगदी नीट आहे. पण शंभरच का?"

"कामावर मोजायला बरं पडतं," तो म्हणाला. तो पाणी प्यायला आणि काट्यावर चढण्यासाठी वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बाहेर लिफ्ट आली, दार उघडलं, आणि त्याचे कान आपोआप तिकडे लागले. घंटा वाजली नाही. जिन्यावरून मात्र खाली जाणारी पावलं ऐकू आली, दोन माणसांची, एक पुढे धावणारं, आणि प्रत्येक वळणावर थांबणारं.